पत्ता शेवटाकडून वाचा

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात भाव, वीज, कर्ज या विषयांवर बोलायचे आहेच. त्याआधी आम्ही थोडा वेळ एका वेगळ्या विषयासाठी मागून घेतला आहे. विषय आहे सरकारच्या संकेतस्थळांचा पत्ता. काहींना वाटेल, हे पोरांचे काम, मोबाईलवाल्यांचे काम. कापूस वेचणाऱ्यांना त्याचे काय? म्हणून आधी तेच सांगतो.

पूर्वी सरकारला काही सांगायचे असले की चावडीवर कागद लागायचा, कोतवाल दवंडी द्यायचा. आज दवंडी बंद झाली आणि चावडी मोबाईलमध्ये गेली. सातबारा तिथे, पीकविमा तिथे, पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये तिथे, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज तिथे. २०२५-२६ च्या हंगामात तर कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, हमीभावाने कापूस घालायचा तर आधी 'कपास किसान' नावाच्या अ‍ॅपवर नाव नोंदवा, असा नियम आला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामासाठी ८११० रुपये क्विंटल जाहीर झाला. तो भाव मिळवण्याची वाट आता मोबाईलमधून जाते. वाट चुकली तर गाडी खेडा खरेदीवाल्याच्या दारात, आणि तिथला भाव तुम्हाला ठाऊक आहे.

तेव्हा हा विषय भावाचाच आहे. पत्ता ज्याला वाचता येतो तो स्वतः दारात जातो. ज्याला येत नाही तो मधल्या माणसाच्या हातात आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि मोबाईलवर आलेला आकडा देऊन बसतो. मधला माणूस भला असला तर शंभर-दोनशेवर भागते. भला नसला तर खाते रिकामे होते.

आणि चोराला आपली वेळ बरोबर कळते. पीएम किसानचा हप्ता पडायची वेळ आली की निरोप येतो, 'तुमचा हप्ता अडकला आहे, खालच्या दुव्यावर बोट ठेवा.' पेरणीच्या तोंडावर विम्याचा निरोप येतो, दिवाळीच्या आसपास कर्जमाफीच्या यादीचा येतो. निरोपावर अशोकस्तंभ असतो, मंत्र्यांचा फोटो असतो, भाषाही सरकारी असते. चित्र कोणीही चिकटवू शकतो. बैलबाजारात आपण शिंगांचा रंग आणि गळ्यातली घुंगुरमाळ पाहून दाम मोजत नाही, जबडा उघडून दात पाहतो. संकेतस्थळाचे दात म्हणजे त्याचा पत्ता. ते कसे पाहायचे एवढेच आज आम्ही सांगणार आहोत. इंग्रजी यायलाच पाहिजे असे नाही. इंग्रजीची २६ अक्षरे ओळखता आली की पुरे.

पत्ता म्हणजे काय?

पोस्टाचे पाकीट आठवा. वर नाव, मग घर, मग गाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, राज्य. टपाल वाटणारे खाते हा पत्ता कुठून वाचते? खालून. आधी राज्य, मग जिल्हा, मग तालुका आणि सगळ्यांत शेवटी माणसाचे नाव. संकेतस्थळाचा पत्ताही असाच लिहिलेला असतो. फरक एवढाच की तो एका ओळीत असतो आणि त्याचे तुकडे ठिपक्यांनी पाडलेले असतात. या ठिपक्याला 'डॉट' म्हणतात. ठिपका म्हणजे बांध. एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत एक तुकडा. आणि वाचायचे शेवटाकडून, म्हणजे उजवीकडून डावीकडे.

उदाहरण घेऊ. अनुदानाच्या अर्जाचा राज्य सरकारचा पत्ता आहे, महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन. 'गव्ह' म्हणजे जी, ओ, व्ही ही तीन अक्षरे. 'इन' म्हणजे आय, एन ही दोन. आता शेवटाकडून वाचा. इन म्हणजे भारत. गव्ह म्हणजे भारतातले सरकार. त्या सरकारी शिवारातला महाराष्ट्राचा तुकडा. आणि महाराष्ट्राच्या तुकड्यातली महाडीबीटी नावाची खोली. जिल्हा, तालुका, गाव, घर. झाला पत्ता वाचून.

सातबाऱ्याचे पाहा. डिजिटल सहीचा सातबारा मिळतो तो पत्ता डिजिटलसातबारा डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन. पुन्हा शेवटी गव्ह डॉट इन. तिथे सातबाऱ्याचा दर १५ रुपये आहे. त्याच सातबाऱ्याला कोणी दुसऱ्या संकेतस्थळावर शंभर रुपये मागत असेल तर वरचे पंच्याऐंशी कशाचे, हे त्याला विचारा.

जिल्ह्यांचेही तसेच. यवतमाळ डॉट गव्ह डॉट इन, बीड डॉट गव्ह डॉट इन. पीएम किसान आहे पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन. पीकविमा आहे पीएमएफबीवाय डॉट गव्ह डॉट इन. शेपूट प्रत्येक वेळी तेच.

शेपूट कोण देतो?

आता कोणी विचारेल, चोराने आपल्या पत्त्याला गव्ह डॉट इन हे शेपूट लावले तर? त्याला ते मिळत नाही. म्हणूनच या शेपटाला किंमत आहे.

इन या शेपटाचा कारभार भारतात निक्सी नावाची संस्था पाहते. इनच्या आत जे वेगवेगळे गट पाडले आहेत, त्यातला गव्ह डॉट इन हा गट फक्त सरकारी खात्यांसाठी राखलेला आहे. तो देण्याचे काम केंद्र सरकारच्या एनआयसीकडे, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे आहे. खात्याच्या अधिकाऱ्याचे पत्र असल्याशिवाय तो मिळत नाही. काही जुने सरकारी पत्ते एनआयसी डॉट इन या शेपटाचेही दिसतात. तेही सरकारी.

एसी डॉट इन आणि आरईएस डॉट इन ही शेपटे शिक्षण आणि संशोधन संस्थांची. ती अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था देते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ पीडीकेव्ही डॉट एसी डॉट इन आणि परभणीचे व्हीएनएमकेव्ही डॉट एसी डॉट इन. ज्वारीवर काम करणारी हैदराबादची भरडधान्य संशोधन संस्था मिलेट्स डॉट आरईएस डॉट इन.

बँकांचे पत्ते आजवर सतरा प्रकारचे होते. कोणाचे कॉम, कोणाचे सीओ डॉट इन. त्यामुळे खरी बँक कोणती हे पत्त्यावरून कळत नव्हते. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सांगितले की सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इन या शेपटावर यावे. हे शेपूट बँकेखेरीज कोणाला मिळत नाही. स्टेट बँक आता एसबीआय डॉट बँक डॉट इन आहे. ज्या बँकेतून तुमचे पीककर्ज आहे, तिचा नवा पत्ता शाखेत जाऊन विचारून घ्या.

उरली कॉम, ऑर्ग, सीओ डॉट इन, ऑर्ग डॉट इन आणि नुसते इन ही शेपटे. ती उघडी मंडई आहे. काही शे रुपये भरा, जे नाव मोकळे असेल ते वर्षभरासाठी घ्या. सरकारी असल्याचा दाखला लागत नाही. साव घेतो, चोरही घेतो. शेपटावरून तिथे काहीच कळत नाही.

बियाण्याच्या पिशवीची आपल्याला सवय आहे. पिशवीवर कणीस केवढे मोठे छापले आहे याला किंमत नसते. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळे लेबल शिवलेले असते. ते लेबल बीज प्रमाणीकरण यंत्रणाच देते, म्हणून आपण ते पाहतो. गव्ह डॉट इन हे तसे शेवटी शिवलेले लेबल आहे.

चोराच्या खोडी

चोराला खरे शेपूट मिळत नाही, म्हणून तो डोळ्याला चकवतो. त्याच्या खोडी चार-पाचच आहेत. त्या कळल्या की तो उघडा पडतो.

पहिली खोडी, गव्ह डॉट इन मध्येच घालायचे. पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन डॉट हप्ता डॉट कॉम, असा समजा पत्ता आला. डावीकडून वाचणारा गव्ह डॉट इन पाहतो आणि समाधान पावतो. शेवटाकडून वाचणारा म्हणतो, हे कॉमच्या मंडईतले 'हप्ता' नावाचे दुकान आहे. त्याने आपल्या दुकानात सरकारच्या नावाची खोली काढली आहे. आपल्या तुकड्यात खोलीला कोणते नाव द्यावे याला कोणाची परवानगी लागत नाही. मी माझ्या गोठ्यावर 'जिल्हाधिकारी कार्यालय' अशी पाटी लावली म्हणून तिथे फेरफार होत नाही.

दुसरी खोडी आडव्या रेघेची. पीएमकिसान, मग आडवी रेघ, मग गव्ह डॉट इन. दिसायला जवळजवळ खऱ्यासारखे. पण ठिपका म्हणजे बांध, आडवी रेघ म्हणजे बांध नव्हे. रेघेने जोडलेले सगळे एकच नाव. इथे शेवटचा तुकडा इन, आणि त्याच्या अलीकडे 'पीएमकिसान-गव्ह' हे उघड्या मंडईत विकत घेतलेले नाव. गव्हच्या आधी आणि गव्हच्या नंतर, दोन्हीकडे ठिपकाच पाहिजे.

तिसरी खोडी तिरक्या रेघेची. पूर्ण पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस ही अक्षरे, एकाखाली एक दोन ठिपके आणि दोन तिरक्या रेघा असतात. त्यानंतर खरा पत्ता सुरू होतो आणि पुढची एकेरी तिरकी रेघ आली की तो संपतो. त्या रेघेच्या पुढे जे काही असते ते घरातल्या कपाटातल्या कागदाचे नाव. तिथे कोणी काहीही लिहील, गव्ह डॉट इनसुद्धा लिहील. म्हणून आधी ती एकेरी तिरकी रेघ शोधा, तिच्या पुढचे सगळे बोटाने झाका आणि मग रेघेपासून डावीकडे वाचत या. रेघ नसेल तर पत्ता जिथे संपतो तिथून सुरू करा.

चौथी खोडी अक्षरांची. ओ या अक्षराच्या जागी शून्य, एल या अक्षराच्या जागी एक, एखादे अक्षर दोनदा, एखादे गाळलेले. घाईत डोळा फसतो. यावर उपाय एकच, आलेल्या दुव्यावर बोट न ठेवता पत्ता आपल्या हाताने टाईप करणे.

पाचवी गोष्ट अर्धवट शेपटाची. शेवटी नुसते गव्ह असेल आणि इन नसेल तर ते भारत सरकार नव्हे. नुसते गव्ह हे शेपूट अमेरिकेच्या सरकारचे आहे. इंटरनेटची सुरुवात तिकडे झाली, म्हणून बिनदेशाचे शेपूट त्यांच्याकडे राहिले. नेपाळचे सरकार गव्ह डॉट एनपी, ब्रिटनचे गव्ह डॉट यूके, आपले गव्ह डॉट इन.

देवनागरीतही आता पत्ते असतात. ऑगस्ट २०१४ मध्ये 'डॉट भारत' हे शेपूट सुरू झाले. त्यातही 'भारत' पाहून भुलू नका. डॉट भारत कोणालाही मिळते. सरकारसाठी राखलेले शेपूट 'सरकार डॉट भारत' हे आहे. लिपी बदलली तरी वाचायची रीत तीच.

आणखी एक समज काढून टाकला पाहिजे. पत्त्याच्या शेजारी कुलपाचे चित्र दिसले की पत्ता खरा, असे पुष्कळांना कोणीतरी सांगून ठेवले आहे. ते चूक आहे. कुलूप म्हणजे तुमच्यात आणि त्या संकेतस्थळात जे बोलणे चालले आहे ते वाटेत तिसऱ्याला ऐकू जात नाही. पलीकडे बसलेला साव आहे की चोर, हे कुलूप सांगत नाही. चोरही आपल्या घराला कुलूप लावतोच.

नियम मोडणारी खरी घरे

इथवर ऐकून कोणी म्हणेल, मग गव्ह डॉट इन नसेल ते सगळे खोटे. तसेही नाही, आणि इथेच सरकारचा गलथानपणा आपल्याला भोवतो. ज्या कापूस महामंडळाशी आपला सर्वांत जास्त संबंध, ती १९७० साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. तिचा पत्ता काय? कॉटकॉर्प डॉट ऑर्ग डॉट इन. उघड्या मंडईतले शेपूट. राज्याच्या कृषी पणन मंडळाचा एमएसएएमबी डॉट कॉम. नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेचा सीआयसीआर डॉट ऑर्ग डॉट इन. ही सगळी खरी घरे आहेत, पण शेपटावरून ती ओळखता येत नाहीत. उद्या कोणी कॉटकॉर्पच्या मागे-पुढे एखादे अक्षर लावून दुकान थाटले तर शेतकऱ्याने ओळखायचे कसे?

तिथे ओळखीची रीत वापरायची. सोयरीक जुळवताना आपण अनोळखी घराबद्दल ओळखीच्या घरी विचारतो. तसेच इथेही आधी पक्क्या शेपटाच्या घरी जा आणि तिथून पुढची वाट घ्या. कापूस महामंडळ वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली येते. मंत्रालयाचा पत्ता टेक्समिन डॉट गव्ह डॉट इन. तिथून महामंडळाकडे जा. सरकारी संकेतस्थळांची एक यादीही केंद्र सरकारने करून ठेवली आहे, आयजीओडी डॉट गव्ह डॉट इन. तिथे खाते आणि राज्य पाहून पत्ता काढता येतो. गुगलवर नाव टाकून जे पहिले येईल ते उघडू नका. वरच्या एक-दोन जागा बऱ्याचदा पैसे भरून घेतलेल्या जाहिराती असतात.

कार्यकर्त्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. शासन निर्णय म्हणून पीडीएफ फिरते आणि आपण ती गटागटांत पाठवतो. पाठवण्याआधी तपासा. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाच्या शेवटी तो शासनाच्या संकेतस्थळावर ठेवल्याचे लिहिलेले असते आणि एक लांब संकेतांक दिलेला असतो. जीआर डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावर तो निर्णय शोधा. सापडला तर पुढे पाठवा. सापडला नाही तर तो कागद आपल्यापाशीच थांबवा. खोट्या यादीच्या भरवशावर शेतकरी तालुक्याला हेलपाटा घालतो तेव्हा त्याची एक दिवसाची मजुरी आपल्या बोटाने बुडवलेली असते.

अ‍ॅपचे काय?

अ‍ॅपला शेपूट दिसत नाही, म्हणून तिथे जास्त जपायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर योजनेच्या नावाची फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी एपीके ही तीन अक्षरे असली तर ती कागदाची फाईल नसते, ते अ‍ॅप असते. उघडले की फोनमध्ये शिरते. मग तुमचे निरोप, बँकेचा आकडा सगळे तिसऱ्याला दिसू लागते. कोणतेही सरकार अनुदान देण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅप पाठवत नाही. एपीके आले की पुसून टाका, मग ते सख्ख्या मेहुण्याने पाठवलेले का असेना. बहुधा त्याचा फोन आधीच फसलेला असतो. अ‍ॅप घ्यायचेच तर खात्याच्या खऱ्या संकेतस्थळावर जा आणि तिथे दिलेल्या दुव्यावरून घ्या.

आणि इतके करूनही पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. जितका लवकर फोन, तितकी ते वाटेत अडवण्याची आशा जास्त.

शेवटचे दोन शब्द

पत्ता खरा म्हणजे मजकूर खरा, असे मात्र समजू नका. २०२४ साली काही गव्ह डॉट इन पत्त्यांवरही जुगाराच्या संकेतस्थळांचे दुवे बाहेरच्यांनी घुसवल्याचे उघड झाले. तेव्हा सरकारी पत्त्यावरही पैसे लावायला, लॉटरीचे बक्षीस घ्यायला कोणी सांगू लागला तर बाहेर या. आणि दुसरे, सरकारचे दार खरे असले म्हणून दारातून मिळणारे आश्वासन खरे ठरत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. दार ओळखणे ही पहिली पायरी. आत जाऊन हक्काचे मागणे ही दुसरी, आणि तिच्यासाठी संघटनाच लागते.

म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. एक, प्रत्येक तहसील कार्यालय, बाजार समिती, कापूस खरेदी केंद्र आणि बँक शाखेच्या दर्शनी भिंतीवर त्या त्या योजनेचा पूर्ण पत्ता, इंग्रजी अक्षरांत आणि मराठी उच्चारासह, रंगवून लावावा. रंगाचा एक डबा लागतो, त्यापेक्षा जास्त काही नाही. दोन, ज्या सरकारी कंपन्या आणि मंडळे शेतकऱ्यांशी व्यवहार करतात त्यांनी गव्ह डॉट इनवर यावे. बँकांना मुदत घालून देता येते, तर कापूस महामंडळाला आणि पणन मंडळाला का नाही? तीन, हे आपले काम. प्रत्येक गावशाखेने शाळेत जाणारी दोन मुले-मुली निवडावीत आणि महिन्यातून एका संध्याकाळी देवळापाशी बसून गावाला दहा पत्ते वाचून दाखवायला सांगावे, पाच खरे आणि पाच खोटे. कोणता खरा ते गावाने सांगायचे. म्हाताऱ्यांनाही येते, ज्याला गट नंबर आणि हिस्सा कळतो त्याला हे कळते.

घरी जाऊन आजच एक काम करा. फोनमध्ये योजनेचा म्हणून आलेला शेवटचा निरोप काढा. दुव्यावर बोट ठेवू नका. नुसता पाहा. एकेरी तिरकी रेघ शोधा, तिच्या पुढचे झाका, आणि शेवटाकडून वाचा. इन, ठिपका, गव्ह, ठिपका. एवढे जुळले तर पुढे जा. नाही जुळले तर निरोप पुसा आणि शेजाऱ्यालाही सांगा.